कूट, उकल आणि प्रमाण : सातारा-सांगली परिसरातील दोन प्रकरणे

कोड्याचे उत्तर सुचणे आणि ते उत्तर बरोबर असल्याचे सिद्ध होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट प्रतिभेची, दुसरी प्रमाणाची. इतिहासाच्या अभ्यासकाला दोहोंशी काम पडते. परंतु आपल्याकडे पहिलीचे कौतुक फार आणि दुसरीची विचारपूस कमी, असे खेदाने म्हणावे लागते. जुन्या पद्यात दडलेला निरोप वाचून दाखविणारा टाळ्या घेऊन जातो. तो निरोप कोणी, केव्हा आणि कोणासाठी दडविला हे विचारणारा मात्र रसभंग करणारा ठरतो. प्रस्तुत लेखात कूट शब्दकोड्याची उकल ज्या तर्काने केली जाते, तो तर्क सातारा व सांगली या भागांशी निगडित असलेल्या दोन ऐतिहासिक प्रकरणांना लावून पाहण्याचा विचार आहे.

प्रथम कूट शब्दकोडे म्हणजे काय हे स्पष्ट केले पाहिजे. मराठी वृत्तपत्रांतून छापली जाणारी शब्दकोडी बहुधा साध्या अर्थनिर्देशाची असतात : ‘लक्ष्मीचे आसन, तीन अक्षरे’ असे सांगितले की ‘कमळ’, ‘कमल’ किंवा ‘अंबुज’ यांपैकी शेजारच्या उभ्या शब्दांशी जुळेल तो शब्द भरावयाचा. शब्दकोड्याचा आजचा प्रकार आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ या वृत्तपत्रात प्रथम दिला, तोही असाच साधा होता. इंग्लंडात त्याला निराळे वळण लागले. १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’ या साप्ताहिकात एडवर्ड पॉविस मॅथर्स हा ‘टॉर्क्वेमाडा’ या नावाने कोडी रचू लागला आणि त्याने सरळ अर्थनिर्देश जवळजवळ टाकूनच दिला. ‘टॉर्क्वेमाडा’ हे स्पेनमधील धर्मपीठाच्या एका कुप्रसिद्ध न्यायाधीशाचे नाव. सोडविणाऱ्याचा छळ करणे हाच हेतू असल्याची ही प्रांजळ कबुलीच म्हणावयाची. त्याच्यामागून त्या साप्ताहिकात आलेला डी. एस. मॅकनट हा ‘झिमेनेस’ या नावाने लिहीत असे. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने या कलेचे नियम बांधून दिले. त्यांचे सार असे की, रचनाकाराला वाचकाची दिशाभूल करण्याची पूर्ण मुभा आहे, पण उत्तराचा पुरावा सूचक वाक्यातच असला पाहिजे. वाक्याच्या एका भागाने उत्तराचा अर्थ सांगावा, दुसऱ्याने त्याची अक्षरे कशी जुळवावी ते सांगावे, आणि या दोहोंव्यतिरिक्त एकही शब्द शिल्लक राहू नये.

मराठीत याची उदाहरणे करून पाहणे कठीण नाही. ‘उलटी वाहिली तरी नदी गरीबच (२)’. येथे ‘गरीब’ हा अर्थनिर्देश आणि ‘उलटी वाहिली तरी नदी’ ही अक्षरांची कृती. ‘नदी’ उलटी वाचली की ‘दीन’ होते. ‘कलम मोडले की लक्ष्मीचे आसन तयार (३)’. ‘मोडले’ हा शब्द अक्षरांची उलथापालथ सुचवितो. ‘कलम’मधून ‘कमल’ निघते. मघाच्या साध्या कोड्यात ‘कमल’ आणि ‘अंबुज’ यांत निवड करण्यास काही आधार नव्हता, येथे तो आहे. तिसरे उदाहरण पुढील विवेचनाच्या सोयीसाठी मुद्दाम घेतो : ‘मोत्यांच्या माळेस दरवाजा जोडता उभा राही फौजेचा नायक (४)’. माळ म्हणजे ‘सर’, दरवाजा म्हणजे ‘दार’, उत्तर ‘सरदार’. या तिन्ही ठिकाणी उत्तर मिळाल्यावर दुसऱ्या कोणाला विचारण्याची गरज राहत नाही. दोन स्वतंत्र वाटांनी आपण एकाच जागी पोहोचलो, हीच बरोबर असल्याची खूण.

वर ‘नदी’चे ‘दीन’ करताना आपण व्यंजन व स्वर न उलटता पूर्ण अक्षर उलटले, हे ध्यानात घ्यावे. रोमन लिपीतील कोड्याचे एकक वर्ण, तर देवनागरीतील एकक मात्रेसह अक्षर. त्यामुळे शब्दांतली घरे कमी आणि प्रत्येक घराचे वजन अधिक, अशी मराठी कूटाची प्रकृती होते. संस्कृत चित्रकाव्याची गतप्रत्यागतासारखी रचना याच एककावर उभी आहे. ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतीत मात्र कठोर असावे की सैल, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी उपस्थित होतो. संस्कृत साहित्यशास्त्रकारांनी यमक-श्लेषांत ड व ल, ब व व, ल व र यांचा अभेद मानण्याची सवलत दिली आहे. मराठी कवींनी ती घेतली आणि तिच्यात स्वतःची भर घातली.

परंपरा अर्थातच जुनी आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. ज्या कूटाचे उत्तर पद्याच्या शब्दांतच असते ती अंतर्लापिका आणि ज्याचे उत्तर बाहेरून आणावे लागते ती बहिर्लापिका, हा भेद आपल्या विषयास विशेष उपयोगी आहे. पंडितांच्या सभेत पिढ्यान्‌पिढ्या फिरणाऱ्या एका श्लोकात ‘केशवं’ हे पद ‘के’ म्हणजे पाण्यात आणि ‘शवं’ म्हणजे प्रेत असे फोडावयाचे असते, व ‘द्रोण’ म्हणजे आचार्य न घेता कावळा घ्यावयाचा असतो. मग युद्धवर्णन वाटणारा श्लोक नदीकाठचे एक सामान्य दृश्य होऊन बसतो. महाभारतात अशी आठ हजार आठशे कूटे असून ती समजून घेण्यात गणपतीला थबकावे लागे व तेवढ्यात व्यासांना पुढची रचना करण्यास उसंत मिळे, ही आख्यायिका सर्वांस माहीत आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत मात्र गणपतीच्या लेखनिकीचा हा प्रसंग मूळ संहितेत न राहता परिशिष्टात गेला आहे. कूटांची गोष्टच प्रक्षिप्त ठरावी, यात थोडी गंमत आहे.

मराठी पंडितकवींपैकी मोरोपंतांनी (१७२९–१७९४) या खेळाची हौस सर्वांत अधिक भागवून घेतली. त्यांच्या रामायणांपैकी ‘निरोष्ठ रामायणा’त ओठ मिटून उच्चारावयाचे वर्ण नाहीत, ‘मंत्र रामायणा’त त्रयोदशाक्षरी राममंत्राची अक्षरे पद्यांतून गुंफलेली आहेत. पण मोरोपंतांच्या ठिकाणी प्रमाणाचा प्रश्न उद्भवत नाही, कारण कवीने ग्रंथाच्या नावातच आपली प्रतिज्ञा जाहीर केली आहे. प्रश्न उद्भवतो तो जेथे प्रतिज्ञा गुप्त आहे तेथे.

असे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण साताऱ्याच्या डोंगराळ भागातले आहे. समर्थ रामदासांच्या नावावर सोळा चरणांची, म्हणजे चार-चार चरणांच्या चार कडव्यांची, एक उपदेशपर रचना सांगितली जाते. वरवर पाहता तिचा विषय विवेक, सन्मार्ग, ईश्वराची सत्ता असा नित्याचाच आहे. परंतु प्रत्येक चरणाचे आद्याक्षर घेतल्यास ‘विजापूरचा सरदार निघाला आहे’ असे वाक्य तयार होते. आणि अफजलखान स्वारीवर निघाला तेव्हा समर्थांनी शिवाजी महाराजांना या युक्तीने सावध केले, अशी परंपरागत समजूत आहे. कथेचा सगळा भूगोल याच जिल्ह्याचा आहे : समर्थांचे चाफळ, खानाची छावणी पडली ते वाई, आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी जेथे खानाचा वध झाला तो प्रतापगड. शाळकरी पुस्तके, कीर्तने आणि व्याख्याने यांतून ही गोष्ट इतकी रुजली आहे की, तिच्याविषयी शंका घेणे म्हणजे समर्थांविषयी शंका घेणे, असा अनेकांचा ग्रह होतो. तो ग्रह बाजूस ठेवून केवळ कोडे म्हणून या रचनेकडे पाहू.

प्रचलित पाठाची सोळा आद्याक्षरे क्रमाने अशी आहेत : वि, जा, पु, र, चा, स, र, दा, र, नि, घा, ला, आ, हे, ये, इ. यांपैकी पहिली चौदा अक्षरे एक निर्दोष मराठी वाक्य देतात. सलग चौदा चरणांची आद्याक्षरे योगायोगाने असे वाक्य तयार करतील, ही शक्यता विचारात घेण्याजोगी नाही. ‘पु’ ऱ्हस्व आहे, पण ती सवलत जुन्या लेखनात कोणीही देईल. तेव्हा पहिला निष्कर्ष निःशंकपणे काढता येतो : हे कूट कोणाच्या तरी हेतूने रचलेले आहे, वाचकाने मागाहून शोधून काढलेला तो भास नव्हे. अशा भासांची उदाहरणे आपल्याकडे आहेतच. सांगली हे नाव ‘सहा गल्ली’ यावरून आले असे सांगणारे सद्‌गृहस्थ गावात पूर्वीही भेटत आणि आजही भेटतात. तेथे उत्तर आधी ठाऊक असते आणि त्याला जुळणारी अक्षरांची फोड मागाहून केलेली असते. आद्याक्षरांच्या या रचनेत तसा प्रकार नाही.

परंतु शेवटची दोन अक्षरे, ‘ये’ आणि ‘इ’, यांचे काय? गोष्ट सांगणारे ती सोडून देतात. झिमेनेसच्या नियमाने पाहिले तर उरलेली अक्षरे हा दोष होय. ‘येई’ असे क्रियापद लावून ‘निघाला आहे, येई’ असा पाठ बसविता येईल, पण त्यात ओढाताण आहे. मला अधिक सयुक्तिक वाटते ते असे. वाक्य चौदा अक्षरांचे, तर कडवी चार-चार चरणांची. चौथे कडवे पुरे करण्यास दोन चरण अधिक हवेच होते. आणि हे दोन चरण वाया घालविलेले नाहीत. गुप्तपणे खल करून योग्य तो बेत आखावा, अशा अर्थाचा उपदेश नेमका याच दोन चरणांत येतो. म्हणजे जेथे अक्षरांची कृती संपते तेथे अर्थनिर्देश सुरू होतो. वरचा अर्थ आणि आतला अर्थ यांची गाठ तेथे पडते. आणखी एक बारकावा पाहावा. ‘सरदार’ या शब्दातील ‘दा’ हे अक्षर ज्या चरणाने पुरविले आहे त्याचा आरंभ ‘दास’ या शब्दाने होतो. कवीची नाममुद्राच कूटाच्या कामी लावलेली आहे. रचनाकार, तो कोणीही असो, आपल्या कामात तरबेज होता.

‘कोणीही असो’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरले. कूटाच्या अंतर्गत पुराव्याने हेतू सिद्ध झाला. कर्ता आणि काळ यांपैकी काहीच सिद्ध झाले नाही. अफजलखान येणार आहे हे १६५९ साली जाणणारा जसे हे वाक्य गुंफू शकतो, तसेच तो येऊन गेला हे शंभर वर्षांनी जाणणाराही गुंफू शकतो. ‘दास’ ही मुद्राही निर्णायक नाही, कारण संप्रदायातील कवी गुरूच्या मुद्रेने रचना करीत, हा आपल्या संतवाङ्मयातला नेहमीचा अनुभव आहे.

आता निरोपाचा मजकूर पाहा. ‘विजापूरचा सरदार’ एवढेच त्यात आहे. नाव नाही, वाट नाही, फौजेची संख्या नाही. आदिलशाहीचे सरदार शिवाजी महाराजांवर एकदाच चालून आले असे नाही. १६४८ साली फत्तेखान आला, १६५९ साली अफजलखान, त्याच वर्षाच्या अखेरीस कोल्हापूरनजीक रुस्तुमेजमान, आणि १६६० साली पन्हाळ्यावर सिद्दी जौहर. या चारही प्रसंगी हे वाक्य तितकेच खरे ठरते. म्हणजे १६५९ हे साल कोड्यातून निघालेले नाही. ते परंपरेने बाहेरून आणलेले आहे. शिवाय खानाची स्वारी ही गुप्त राखलेली बाब नव्हती. मावळातील देशमुखांनी खानास सामील व्हावे म्हणून विजापूर दरबाराने फर्माने पाठविली होती. कान्होजी जेध्यांच्या नावचे जून १६५९ मधील फर्मान इतिहासात प्रसिद्ध आहे. महाराजांचे जावळी-प्रतापगडाकडे सरकणे हे त्यांना खानाच्या हालचालींची वेळीच व सविस्तर माहिती मिळत असल्याचे द्योतक आहे. जी बातमी देशमुखांच्या वाड्यांवर सरकारी मोहोरेनिशी येऊन पोहोचली होती, ती आद्याक्षरांत दडवून कळविण्याचे प्रयोजन काय, याचे उत्तर परंपरेच्या समर्थकांनी द्यावयास हवे.

लेखनपद्धतीचा मुद्दा याहूनही महत्त्वाचा आहे, आणि त्याच्याकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. आपण ही रचना छापील पानावर चरणाखाली चरण मांडून वाचतो, म्हणून आद्याक्षरांचा उभा स्तंभ डोळ्यांत भरतो. जुन्या पोथीत पद्य सलग लिहिलेले असते. ओळ कागदाच्या कडेशी संपते, चरणाच्या शेवटी नव्हे, आणि चरणाची मर्यादा दंडाने किंवा केवळ लयीने कळते. अशा लेखनात आद्याक्षरांचे कूट अशक्य नाही. दंडानंतरचे एकेक अक्षर वेचीत जाणारा वाचक ते काढू शकेल. पण तसे करावयाचे आहे हे त्याला आधीपासून ठाऊक असले पाहिजे. म्हणजे निरोप देणारा व घेणारा यांच्यात संकेत अगोदर ठरलेला असावा लागतो. आणि येथे आपण समर्थ व शिवाजी महाराज यांची पहिली भेट १६४९ सालची की १६७२ सालची, या जुन्या वादाच्या उंबरठ्यावर येऊन पोहोचतो. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. एवढेच नमूद करतो की, १६७२ हे साल मानणाऱ्याला १६५९ मधील पूर्वसंकेताचा निराळा खुलासा करावा लागेल, आणि १६४९ मानणाऱ्यानेही या रचनेचा आपल्या बाजूचा पुरावा म्हणून उपयोग करणे बरे नव्हे, कारण मग भेटीने कूट सिद्ध करावयाचे आणि कूटाने भेट सिद्ध करावयाची, असे चक्र तयार होते.

याचा अर्थ रचना समर्थांची नाही असे सिद्ध झाले, असा कोणी करू नये. निर्णय हस्तलिखितांनी व्हावयाचा आहे. ही रचना कोणत्या बाडात आढळते, त्या बाडाचा लेखनकाळ कोणता, तीत सोळा चरणांचा क्रम हाच आहे काय, आणि आद्याक्षरांविषयी लेखकाने काही खूण केली आहे काय, हे प्रश्न विचारले पाहिजेत. शंकर श्रीकृष्ण देव यांनी धुळ्यास जमविलेला रामदासी कागदपत्रांचा संग्रह अशा कामासाठीच आहे. क्रमाचा प्रश्न विशेष मोलाचा, कारण आद्याक्षरांचे कूट हे पाठचिकित्सेचेही साधन आहे : एखाद्या प्रतीत दोन चरणांची अदलाबदल झाली असेल तर वाक्य मोडते, आणि लेखकाला कूट ठाऊक नव्हते हे उघड होते.

सबळ बहिर्गत पुराव्याने उकल कशी सिद्ध होते याचा नमुना महाराष्ट्रातच आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते; विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे व वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी सकळ लिपीचे रहस्य पंथाबाहेरच्या अभ्यासकांस खुले झाले. तेथे एकच किल्ली पोथीमागून पोथीला लागली आणि प्रत्येक पान अर्थपूर्ण झाले. पोथ्यांच्या त्या संख्येपुढे शंकेस जागा उरत नाही. चौदा अक्षरांच्या एकट्या वाक्याला तो आधार नाही.

सांगलीचे प्रकरण याच्या अगदी उलट जातीचे आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८) यांचे जन्मगाव सांगली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सीतास्वयंवराचा खेळ केला ते हेच गाव. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली मुंबई सरकारने त्याच्या प्रयोगांस मनाई केली. कारण असे की, नाटकातला कीचक म्हणजे १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय असलेला लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदभूमी, युधिष्ठिर म्हणजे मवाळ पक्ष आणि भीम म्हणजे जहाल पक्ष, असा अर्थ लावला गेला. हा अर्थ इंग्रज वाचकांस उलगडून सांगणारे विवेचन व्हॅलेंटाइन चिरोल याच्या १९१० सालच्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात आहे. गूढ शब्दकोड्याखाली दुसऱ्या दिवशी स्पष्टीकरण छापावे, तसाच त्याचा घाट आहे.

या कूटाला अक्षरांचा आधार मुळीच नाही. कर्झनचे नाव कोठे गुंफलेले नाही, आद्याक्षरे काही सांगत नाहीत. शिवाय जुळणी अपुरी आहे. वरील चार पात्रांचे सांधे बसतात. विराट, सुदेष्णा किंवा बृहन्नडा झालेला अर्जुन यांना राजकारणातला जोडीदार शोधू लागलो की हात आखडतो. झिमेनेसच्या कसोटीने हे कूट नापास होईल. तरीही खाडिलकरांचा हेतू राजकीय होता याविषयी कोणाही समंजस अभ्यासकास शंका नाही, आणि त्याची कारणे सगळी नाटकाबाहेरची आहेत : खाडिलकरांचा ‘केसरी’शी असलेला निकटचा संबंध, १९०५ च्या वंगभंगानंतरचे वातावरण, मवाळ-जहाल वादाचा तो ऐन काळ. चिरोलच्या पुस्तकातील मुख्य प्रमाणही संहितेतले नव्हे. १९०७ पासून सगळ्या दक्षिणेत ही पात्रे कोण हे उघडपणे बोलले जात आहे, हाच त्याच्या युक्तिवादाचा कणा. म्हणजे उत्तर प्रेक्षकांच्या तोंडून आलेले आहे. जुन्या परिभाषेत बोलावयाचे तर ‘कीचकवध’ ही बहिर्लापिका, आणि समर्थांच्या नावावरची रचना ही अंतर्लापिका. एकीत आतला पुरावा दुबळा व बाहेरचा सबळ. दुसरीत आतला पुरावा अभेद्य व बाहेरचा जवळजवळ शून्य.

कथानकाची निवड किती मार्मिक होती हेही पाहण्यासारखे आहे. विराटपर्वातील पांडव स्वतःच कूटरूपाने वावरत असतात. युधिष्ठिर कंक झाला आहे, भीम बल्लव, द्रौपदी सैरंध्री. प्रेक्षक नाट्यगृहात शिरतो तोच प्रत्येक पात्राची दोन नावे मनात धरून. ‘कंक’ म्हटले की ‘युधिष्ठिर’ ऐकण्याची त्याच्या कानाला सवय असते. त्याच सवयीला नाटककाराने आणखी एक पायरी पुढे नेले. वेष पालटलेल्या पात्रांची गोष्ट वेष पालटून सांगितली, आणि ती ऐकणाऱ्याला दुसऱ्या पायरीपुढे तिसरी असू शकते हे वेगळे शिकवावे लागले नाही.

सरकारला, अर्थात, सिद्धतेची आवश्यकता नव्हती. समज पुरेसा होता. परंतु पुढे एका प्रसंगी शब्दकोड्याचे उत्तर आणि त्याचे प्रमाण हा प्रश्न खरोखरच न्यायासनापुढे गेला, आणि तोही मुंबई राज्याच्याच कायद्यावरून. सध्याचा सांगली जिल्हा १९४९ पासून १९६० पर्यंत ‘दक्षिण सातारा’ या नावाने त्या राज्यात होता, त्या काळातली ही गोष्ट. बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे तेव्हा मोठे पेव फुटले होते. आर. एम. डी. चामरबागवाला यांच्या कोड्यांची स्पर्धा बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून चाले आणि मुंबई राज्यात जागोजाग तिच्या प्रवेशिका व शुल्क गोळा होई. राज्याने १९४८ च्या आपल्या लॉटरी व बक्षीस-स्पर्धा नियंत्रण कायद्यात १९५२ साली दुरुस्ती करून बाहेरच्या राज्यांत छापल्या जाणाऱ्या पत्रांतील स्पर्धाही कराच्या कक्षेत आणल्या. स्पर्धाचालक न्यायालयात गेले. हा बुद्धीचा खेळ असून आमचा तो व्यवसाय आहे, असे त्यांचे म्हणणे.

सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५७ रोजी दिलेल्या निर्णयात कोड्याची अंतर्रचनाच तपासली. सूचक वाक्याला दोन शब्द सारखेच लागू पडत, आणि त्यांतला संयोजकांनी आधी ठरविलेला शब्द जो लिहील त्याला बक्षीस. अशा दहा जागा असल्या तर १,०२४ निरनिराळी उत्तरे संभवतात, आणि त्यांपैकी एकाची निवड करण्यास वाक्यात काहीच आधार नसतो. अधिक समर्पक शब्द शोधणे येथे निरुपयोगी, कारण संयोजकांनी अधिक समर्पक शब्दच निवडला असेल असे बंधन नव्हते. सरन्यायाधीश सु. रं. दास यांनी ही स्पर्धा द्यूत ठरविली. द्यूताचा निषेध आपल्याकडे किती प्राचीन आहे हे दाखविताना त्यांनी ऋग्वेदातील द्यूतसूक्ताचा आणि राज्य घालवून बसलेल्या पांडवांचाही दाखला दिला आहे. ज्या अज्ञातवासाने खाडिलकरांना विषय पुरविला, तो या द्यूताच्याच पणाचा भाग होता.

दरम्यान संसदेने १९५५ साली बक्षीस-स्पर्धांचा कायदा केला होता. त्याने महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसे देण्यास बंदी घातली, प्रवेशिकांची मर्यादा दोन हजार ठरविली आणि परवाना आवश्यक केला. त्या कायद्यातील व्याख्या फार व्यापक आहे : अक्षरे, शब्द किंवा आकडे यांची जुळणी, मांडणी वा फेरफार यांवर आधारलेले कोणतेही कोडे तीत येते. शब्दशः पाहिले तर दंडीच्या सोळाही प्रहेलिका आणि मोरोपंतांचे मंत्र रामायण, बक्षीस लावल्यास, या व्याख्येत सापडतील. त्याच दिवशी, ९ एप्रिल १९५७ रोजी, या केंद्रीय कायद्यावरील दुसऱ्या खटल्याचा निर्णय न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांनी लिहिला. कायद्याचा रोख द्यूतस्वरूपी स्पर्धांवर आहे. जेथे यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते अशा स्पर्धा त्याच्या बाहेर राहतात, असे त्यात स्पष्ट केले आहे. त्यामुळे ‘लक्ष्मीचे आसन’ एवढेच सांगून ‘कमल’ की ‘अंबुज’ याचा कौल संयोजकाच्या मर्जीवर ठेवणारी स्पर्धा हजार रुपयांच्या मर्यादेत अडकेल; ‘कलम मोडले की’ एवढे तीन शब्द वाक्यात घातले, तर तीच स्पर्धा त्या मर्यादेबाहेर जाण्यास सबळ आधार मिळतो.